तिच्या देखत: सांगलीच्या पूर्व भागातल्या एका घराचा प्रकरण अभ्यास

गावातल्या जनावरांच्या औषधपाण्याचं बघणाऱ्या पशुसखीनं पहिला फोन केला तो शेळीसाठी. "ताई, एका घरातली शेरडं सारखी लंगडायला लागलीत. औषध देऊन भागंना. तुम्ही एकदा त्या घरातल्या बाईशी बोला." शेळीच्या पायासाठी महिला समुपदेशकाला बोलवावं, हे तिला कुणी शिकवलेलं नव्हतं. 'उमेद' या सरकारी ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या प्रशिक्षणात ती जंत पाडायचं औषध, लसीकरणाच्या वेळा आणि गाभण शेळीचा खुराक एवढंच शिकली होती. पुढचं तिनं स्वतःच्या नजरेनं जुळवलं. आटपाडी तालुक्यातलं हे प्रकरण मी सविस्तर लिहितेय ते त्या जुळवणीसाठी. नावं दिलेली नाहीत, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. ज्या घरात जनावराला धाक घालण्यासाठी मारलं जातं, तिथं बाईची आणि लेकरांची विचारपूस व्हायला हवी. आणि ज्या घरातून बाईची तक्रार येते, तिथं गोठ्यातही डोकावायला हवं. आज ही दोन कामं दोन वेगळ्या खात्यांची माणसं करतात आणि एकमेकांचा फोन नंबरसुद्धा त्यांच्याकडं नसतो.

घर

आटपाडी-खानापूरचा पट्टा गलाईवाल्यांचा. सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी इथली माणसं पिढ्यांपासून देशभर पांगलेली आहेत. गावात घर, गावात म्हातारी, गावात बायको, आणि धनी कुठंतरी हजार मैलांवर. या घरातला धनीही मिसरूड फुटायच्या आत मामाच्या दुकानात कामाला गेला. लग्न झालं, एक मुलगी आणि एक मुलगा झाला, तरी तो जत्रेला आणि दिवाळीला यायचा तेवढाच. मधली सगळी वर्षं सासू, लेकरं, रान आणि जनावरं तिनं एकटीनं ओढली. बचत गटातून कर्ज काढून तिनं दोन उस्मानाबादी शेळ्या घेतल्या. ही जात बऱ्याचदा जुळी करडं देते. काही वर्षांत दावणीला सात शेरडं झाली.

गोठ्यात एक संकरित गायही होती. पण डेअरीतलं खातं नवऱ्याच्या नावावर, त्यामुळं दर दहा दिवसांनी होणारा दुधाचा पगार त्याच्या बँकेत. तिच्या स्वतःच्या हातात पडायचा तो फक्त शेरडांचा पैसा. करडू विकलं की पोरीची फी, गटाचा हप्ता, म्हातारीच्या गोळ्या. हे नीट लक्षात घेतल्याशिवाय पुढचं काही कळणार नाही, म्हणून त्यावर थोडी थांबले.

मग मामाचं दुकान बंद पडलं आणि तो कायमचा परत आला. टेंभू सिंचन योजनेचं पाणी आल्यावर त्यानं हौसेनं डाळिंब लावलं होतं, ती बाग तेल्या रोगानं गेली. सोसायटीचं कर्ज डोक्यावर राहिलं. घरात मात्र तिचा शब्द चालत होता. दुकानदार तिला ओळखायचा, शाळेतले गुरुजी तिच्याशी बोलायचे, रानात काय पेरायचं ते तिला विचारून ठरायचं. हे त्याला सोसेना. तो प्यायचाही, पण दारूवर खापर फोडायला तिनंच मला अडवलं. "प्यालेला असला की झोपतो ओ ताई. मारतो ते शुद्धीवर असताना."

गोठ्यातल्या खुणा

पावसाळ्याआधीच्या लसीकरणाला पशुसखी गेली तेव्हा एका शेळीचं शिंग मोडलेलं होतं, दुसरीचा गुडघा सुजलेला. "गव्हाणीत अडकली," असं सांगितलं गेलं. शेरडं अडकतात, शिंगं मोडतात, त्यात नवल नाही. पुढच्या फेरीला तिसरीच्या बरगडीवर सूज होती. त्यानंतर गाईच्या सडातून दुधाबरोबर रक्त आलं. पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांनी कासदाह धरून औषध दिलं, पण कासेच्या एकाच बाजूला मार लागल्यासारखी काळी-निळी खूण आहे असं केसपेपरवर लिहिलं. बरं झालं त्यांनी लिहिलं. पुढं त्या एका ओळीला फार मोल आलं.

पशुसखीच्या मनात शंका आली ती जखमांवरून नव्हे. शेरडाची जात लोचट. माणूस दिसला की पाल्याच्या आशेनं अंगावर येतं. या घरात दारातून पुरुषाच्या चपलेचा आवाज आला की सातही शेरडं दाव्याला ताण देऊन पार भिंतीला जाऊन चिकटायची. आणि त्याच आवाजाला बाई बोलता बोलता गप्प होऊन पदर सावरत उठायची. पशुसखीनं हे दोन्ही एकदम पाहिलं. दुसऱ्या दिवशी मला फोन आला.

मी गेले ते पशुसखीबरोबर, शेळीचं औषध घेऊन. थेट 'तुम्हाला मारतात का' असं विचारलं असतं तर ती "न्हाई" म्हणाली असती. सासू शेजारीच बसलेली होती. शेरडांबद्दल मात्र ती भडाभडा बोलली. कुठल्या शेळीला कधी काय झालं, हे तिला तारीखवार पाठ होतं. एकदा ती गटाच्या बैठकीला गेली, परत यायला उशीर झाला. नवऱ्यानं म्हाताऱ्या शेळीला भर उन्हात खुंट्याला आखूड बांधलं होतं, मान खाली घालता येऊ नये एवढं आखूड. पाण्याची बादली समोर, पण तोंड पोचेना. ती सोडायला धावली तर तो आडवा उभा राहिला. "दिवस मावळू दे, मग सोड. बैठकीला बसताना घाई न्हवती तुला." दुसऱ्या वेळी तिनं नवऱ्याला न विचारता बहिणीला पैसे दिले म्हणून त्यानं करडाला पाय धरून भिंतीवर आपटलं. करडू जगलं, पण पाय वाकडाच राहिला.

तेव्हा ती जे बोलली ते मी वहीत तसंच्या तसं उतरवलं आहे: "मारताना त्यांची नजर शेरडावर नसायचीच. माझ्याकडं बघून मारायचे." आणि नंतर, सासू चहा ठेवायला आत गेल्यावर, हळूच: "म्हनत्यात, आज हिला, उद्या तुला."

दोन केसपेपर, एक टेबल

सासूचं म्हणणं वेगळं होतं, आणि ते या भागात मी अनेक घरांत ऐकलंय. "गडी मानसाचा राग हाय, कुठंतरी निघनारच. जनावरावर निघतोय तर निघू दे. सुनंवर तर न्हाई ना निघत?" त्या म्हातारीला सुनेची काळजी नव्हती असं नाही. तिनं स्वतःच्या नवऱ्याच्या हातचा मार खाल्लेला होता, आणि बैलावर आसूड ओढला गेला की आपली त्या रात्री सुटका, हा तिचा अनुभव तिनं घट्ट धरून ठेवला होता. राग म्हणजे भांड्यातलं पाणी, एकीकडं सांडलं की दुसरीकडं उरत नाही, अशी ती समजूत.

ती खरी आहे का, हे तपासायला आमच्याकडं या घरात साधन होतं. प्राथमिक आरोग्य केंद्रात बाईचे तीन केसपेपर निघाले. कारण प्रत्येकावर 'पडून लागलं' किंवा त्याच धर्तीचं. दवाखान्याच्या नोंदवहीत आणि पशुसखीच्या रजिस्टरमध्ये जनावरांच्या चार नोंदी होत्या. दोन्हीकडचे कागद एका टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. एकदा शेळीची जखम आधी आणि त्याच आठवड्यात बाईच्या मनगटाची. एकदा दोन्ही एकाच दिवशी. एकदा बाईच्या पाठीचा मार आधी आणि शेळीचा दोन दिवसांनी. शेळीनं मार खाल्ला म्हणून बाईचा चुकला, असा एकही आठवडा त्या कागदांत सापडला नाही. म्हातारीला मी ते कागद वाचून दाखवले. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग एवढंच म्हणाली, "मंजी दोन्ही चाललंच हुतं की."

वेगवेगळ्या वेळच्या जखमा एकाच शरीरावर दिसल्या की अपघात म्हणून सोडून देऊ नये, हा धडा वैद्यकानं आधी लहान मुलांकडून घेतला. १९६२ साली अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ हेन्री केम्प आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मार खाणाऱ्या मुलांच्या क्ष-किरण चित्रांत जुनी भरलेली आणि नवी मोडलेली हाडं शेजारी शेजारी दाखवली, तेव्हा 'पोर धडपडलं' या सबबीला पहिला मोठा धक्का बसला. ब्रिटनमध्ये हेलन मन्रो आणि मायकेल थ्रसफील्ड यांनी २००१ मध्ये पाळीव कुत्र्या-मांजरांबाबत तोच विचार मांडला: वारंवार होणाऱ्या जखमा, न जुळणारी हकीकत, त्याच घरातलं दुसरं जनावरही जखमी. आपल्याकडच्या पशुवैद्यकाला हे कळत नाही असं नाही. त्याला ते कुठं कळवायचं हे कुणी सांगितलेलं नाही.

संशोधन काय म्हणतं, आणि काय म्हणत नाही

'आज जनावर मारतो, उद्या माणूस मारील' असं एक सोपं वाक्य या विषयाबरोबर नेहमी येतं. मला ते जपून वापरावंसं वाटतं. अमेरिकेत अर्नोल्ड आर्लुक आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यात प्राणी छळाचे गुन्हे नोंदलेल्या १५३ जणांची तुलना त्यांच्याच शेजारपाजारच्या तेवढ्याच लोकांशी केली. छळ करणाऱ्यांच्या नावावर माणसांविरुद्धच्या हिंसक गुन्ह्यांचं प्रमाण सुमारे पाचपट निघालं. पण जनावरापासून सुरुवात आणि माणसावर शेवट, असा ठरलेला क्रम मात्र दिसला नाही. छळ कधी आधी, कधी नंतर. आमच्या टेबलावरच्या सात कागदांनीही तेच दाखवलं होतं. जनावराची जखम आली म्हणजे बाईची पाळी अजून यायची आहे, असं धरून थांबता येत नाही. ती तोवर येऊनही गेलेली असू शकते.

घरातल्या हिंसेशी संबंध तर आणखी थेट आहे. फ्रँक अॅसिओन यांनी १९९८ मध्ये युटा राज्यातल्या निवारागृहातल्या ३८ स्त्रियांशी बोलून अभ्यास केला. ज्यांच्या घरी पाळीव प्राणी होते, त्यांतल्या ७१ टक्के जणींनी सांगितलं की जोडीदारानं त्या प्राण्याला इजा केली किंवा तशी धमकी दिली. अभ्यास लहान आहे आणि तिकडचा आहे. आटपाडीतल्या शेळीचं आणि युटातल्या घरातल्या कुत्र्याचं आयुष्य एक नाही. तरी धमकीची रीत तीच आहे. त्याआधी, १९८३ साली, न्यू जर्सीतल्या ५३ घरांचा अभ्यास झाला होता, सगळी मुलांच्या छळामुळं सरकारी देखरेखीखाली आलेली. ज्या घरांत मुलांना शारीरिक मारहाण होत होती, त्यांतल्या ८८ टक्के घरांत जनावरांचाही छळ आढळला. एफबीआयनं २०१६ पासून प्राणी छळ हा स्वतंत्र गुन्हा म्हणून नोंदायला घेतला, त्यामागं हीच समज होती.

आपल्याकडं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी बाईला नवऱ्यानं ढकललं का, थोबाडीत मारलं का, जवळच्या माणसाला इजा करायची धमकी दिली का, हे विचारते. जनावराबद्दल विचारत नाही. माणदेशात जिची सगळी कमाई दावणीला बांधलेली असते, तिच्या बाबतीत हा मोठाच प्रश्न सुटून जातो.

इथं एक शंका हमखास येते, आणि ती रास्त आहे. हा जनावरांचा मुलूख. खिलार बैलांचा, मेंढरांचा. इथं बैलाला पराणी लागते, बोकड कापला जातो, जत्रेत मटण शिजतं. मग हे सगळे हिंसक का? नाहीत. मेंढरामागं आयुष्य काढलेला माणूस आजारी कोकरू खांद्यावर घेऊन मैलोन्‌मैल चालतो, हे मी बघत आलेय. मांसासाठी जनावर पाळणं, कापणं याचा आणि घरातल्या मारहाणीचा संबंध जोडणं हा त्या माणसांवर अन्याय आहे. कामात बैलाला दिलेला अतिरेकी मार चुकीचाच, कायद्यानं गुन्हाही, पण तो या प्रकरणाचा विषय नाही. आपण विचारायचं ते एवढंच: हे मारणं कुणाला दिसावं म्हणून होतं? बैल ओढेना म्हणून मारलेला फटका आणि बायको बैठकीला गेली म्हणून शेळीला घातलेली लाथ यांत फरक आहे. दुसऱ्या फटक्याला कामातलं कसलंच कारण नसतं. तो बाईलाच घातलेला असतो, शेळीच्या अंगावरून.

तक्रार

ती तक्रार द्यायला बाहेर पडली ते बोकडामुळं. मुलीच्या पुढच्या शिक्षणासाठी राखलेला बोकड होता, आटपाडीच्या बाजारात न्यायचा ठरलेला. आदल्या रात्री भांडण झालं, तिलाही काठीनं मार बसला आणि सकाळी बोकडाचे दोन पाय मोडलेले होते. दुपारपर्यंत तो मेला.

पोलीस ठाण्यात तिच्या मारहाणीची अदखलपात्र नोंद झाली. बोकडाचं नाव कागदावर आलंच नाही. "घरचं जनावर हाय, त्याचं त्यानं मारलं, त्यात गुन्हा कसला?" असं तिला सांगण्यात आलं. हे उत्तर कायद्याला धरून नाही, आणि ते का नाही हे गावोगावच्या कार्यकर्त्यांना माहीत असायला हवं, म्हणून नीट लिहिते.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम ३२५ कुठल्याही जनावराला ठार मारणं, विष घालणं, लुळं किंवा निरुपयोगी करणं यासाठी पाच वर्षांपर्यंत शिक्षा सांगतं. जुन्या दंड संहितेत जनावराच्या किमतीची अट होती, दहा रुपये, पन्नास रुपये; ती अट आता गेली. आणि आगळीक, म्हणजे मुद्दाम केलेलं नुकसान, कशाला म्हणायचं हे सांगणाऱ्या कलम ३२४ च्या स्पष्टीकरणात लिहिलेलं आहे की स्वतःच्या किंवा सामाईक मालकीच्या वस्तूवर केलेल्या कृत्यानंही हा गुन्हा होऊ शकतो, हेतू दुसऱ्याचं नुकसान करायचा असला तर. म्हणजे 'त्याचं त्यानं मारलं' हा बचावच उरत नाही. इथं तर बोकड त्याचा नव्हताच. गटाच्या कर्जातून घेतलेल्या शेळ्यांचा विमा तिच्या नावावर होता, बोकडाच्या कानात विम्याचा बिल्ला होता आणि गटाच्या इतिवृत्तात खरेदीचा ठराव होता.

आणखी एक गोष्ट. साधी दुखापत, कलम ११५(२), हा अदखलपात्र गुन्हा. पोलीस स्वतःहून तपास करत नाहीत. जनावराला मारून टाकणं मात्र दखलपात्र. तिच्या पाठीवरच्या वळांनी जे दार उघडलं नाही, ते बोकडाच्या मोडलेल्या पायांनी उघडलं असतं. हे वाचताना कुणालाही वाईट वाटेल, मलाही वाटलं, पण हातात असलेला मार्ग सोडायचा कशाला? अर्थात कलम ८५, म्हणजे पूर्वीचं ४९८-अ, नवऱ्याकडून होणाऱ्या क्रूरतेसाठी दखलपात्र आहेच आणि तेही पहिल्याच दिवशी लागायला हवं होतं.

प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदाही लागू होतो. त्याच्या कलम ११ खाली पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. एवढ्या दंडाचा धाक कुणाला बसणार?

पशुधन विकास अधिकाऱ्यांनी बोकडाचं शवविच्छेदन केलं. अहवालात पायांच्या ताज्या मोडीबरोबर एक जुनी, भरत आलेली बरगडीही आली. गाईच्या कासेची नोंद, पशुसखीचं रजिस्टर, आरोग्य केंद्राचे केसपेपर आणि हा अहवाल घेऊन आम्ही वरिष्ठ अधिकाऱ्यांकडं गेलो, तेव्हा रीतसर गुन्हा नोंदला गेला.

"शेरडांना पाणी कोण दावील?"

तिचं माहेर माण तालुक्यात. भाऊ न्यायला आला होता. निवारागृहातही जागा होती. ती कुठंच जाईना. "मी गेले तर माघारी एकबी शेरडू जित्तं दिसायचं न्हाई. आन्‌ शेरडांना पाणी कोण दावील?" शहरातून आलेल्या एका कार्यकर्तीला हे ऐकून नवल वाटलं, जीव वाचवायचा सोडून शेळ्या काय धरून बसलीस असं ती बोलली. मला त्यात नवल वाटलं नाही. त्या सहा शेरडांत तिची एवढ्या वर्षांची मेहनत होती, गटातली पत होती, नवऱ्याला न विचारता औषध आणायची मोकळीक होती. आणि माया होती, ती वेगळीच. आपल्या निवारागृहात बाईबरोबर लेकरू येऊ शकतं. शेळी येऊ शकत नाही. त्यामुळं किती जणी मार खात घरातच राहत असतील, याची कुठंच मोजदाद नाही.

वाट गटातल्या बायकांनी काढली. त्यांनी बैठक घेऊन ठराव लिहिला की कर्ज फिटेपर्यंत या शेरडांच्या सुरक्षिततेची जबाबदारी गटाची आहे, आणि तीन घरांत दोन-दोन शेरडं वाटून घेतली. नवरा दारात येऊन ओरडला तेव्हा ठराव असल्यामुळं त्याला दाखवायला कागद होता. दूध काढायला, वैरणीला पाळ्या लावल्या. तिसऱ्या दिवशी ती लेकरांना घेऊन माहेरी गेली. हे काम कुठल्याही योजनेत बसत नाही, आणि मला विचाराल तर या प्रकरणातलं सगळ्यात महत्त्वाचं काम हेच.

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण करणाऱ्या २००५ च्या कायद्यात जनावराचा उल्लेख नाही. संरक्षण अधिकारी जो घटना अहवाल भरतात त्या नमुन्यातही नाही. पण आर्थिक छळाच्या व्याख्येत, जिच्यात बाईचा हितसंबंध आहे अशा जंगम मालमत्तेची विल्हेवाट येते, आणि कलम १८ खाली न्यायालय संरक्षण आदेशात आणखी कुठलंही विशिष्ट कृत्य मना करू शकतं. वकिलांनी अर्जात मुद्दाम वेगळा परिच्छेद घातला: शेरडं विकणे, मारणे, हाकलणे, जखमी करणे यास मनाई. धमकीचं वाक्य, 'आज हिला, उद्या तुला', भावनिक छळाखाली घेतलं. कलम १८ मध्ये मदत करणाऱ्यांनाही संरक्षण मागता येतं, म्हणून पशुसखी आणि गटातल्या बायकांचा उल्लेख केला. अंतरिम आदेशात शेरडांचा परिच्छेद जसाच्या तसा मंजूर झाला. अमेरिकेत मेन राज्यानं २००६ मध्ये संरक्षण आदेशात पाळीव प्राण्यांचा समावेश करणारा कायदा केला आणि पुढं बऱ्याच राज्यांनी तो उचलला. आपल्या कायद्यात तशी दुरुस्ती होईल तेव्हा होवो, तोवर अर्जात हा परिच्छेद घालायला कुणाची आडकाठी नाही.

मुलगा

आम्ही सगळे बाई आणि शेरडं यांत गुंतलेलो असताना शाळेतून वेगळीच खबर आली. दहा वर्षांच्या मुलानं कुत्र्याच्या पिल्लाचे पाय सुतळीनं बांधून त्याला काठीनं डिवचलं होतं, आणि लहान पोरांना गोल करून बघायला उभं केलं होतं. गुरुजींनी दोन छड्या मारल्या आणि विषय संपवला.

मला यातलं बघायला उभं करणं जास्त खुपलं. घरात त्यानं जे पाहिलं होतं त्याचीच ती नक्कल होती: मारायचं ते कुणाच्या तरी समोर. प्राण्यांना क्रूरपणे वागवणं हे अमेरिकन मनोविकार वर्गीकरणात १९८७ पासून मुलांच्या वर्तनविकाराचं एक लक्षण म्हणून नोंदलेलं आहे, पण तेवढ्यावर पोराला शिक्का मारणं फार घातक. एखाद्या मुंगळ्याचे पाय तोडणारं लहान मूल आणि ठरवून, परत परत, मोठ्या जनावराला छळणारा मुलगा यांत वयाचा, समजेचा फरक असतो. आणि अशा मुलाबाबत पहिला प्रश्न 'तू असं का केलंस' हा नसतो. 'तुझ्या घरी काय चाललंय' हा असतो. छडीनं त्याला परत तेवढंच शिकवलं की ज्याच्या हातात काठी तो खरा.

मिरजेच्या मानसोपचारतज्ज्ञांकडं त्याला दोन-तीनदा नेलं. तिथं तो म्हणाला की वाकड्या पायाचं करडू त्याचं होतं. नाव त्यानंच ठेवलं होतं. बापानं आपटलं तेव्हा तो दारात होता. कुणी तरी सुचवलं की त्याला एक करडू सांभाळायला द्यावं, म्हणजे माया लागेल. डॉक्टरांनी घाई करू नका म्हणून बजावलं, आणि ते योग्य होतं. ज्याच्या मनात अजून राग आहे अशा पोराच्या हातात एकट्यानं मुकं जनावर देणं म्हणजे दोघांनाही धोक्यात घालणं. आता तो पशुसखीच्या मुलाबरोबर, पशुसखी समोर असताना, पाला टाकतो, पाणी दाखवतो. बहीण त्याच्यापेक्षा गप्प आहे. तिच्याकडं आमचं लक्ष उशिरा गेलं, कारण तिनं कुणाला त्रास दिला नाही.

आजची स्थिती

आदेश झाल्यावर काही महिन्यांनी नवरा चुलतभावाबरोबर परत गलाईच्या कामाला गेला. खटला चालू आहे. ती लेकरांना घेऊन सासरच्या घरी परत आली आणि सासूनं दार उघडलं. म्हातारी साक्ष द्यायला तयार आहे, हे मला अपेक्षित नव्हतं. शेरडं परत दावणीला आली, त्यांतल्या दोघी व्यायल्या.

पशुसखीनं आपल्या रजिस्टरमध्ये स्वतःहून एक रकाना आखलाय: जखम कशी झाली असं घरचे सांगतात, आणि तिला काय वाटतं. त्या रकान्यातून आजवर आणखी दोन घरं आमच्यापर्यंत आली. एका घरात खरोखरच शेळी गव्हाणीत अडकलेली निघाली, आणि ते कळल्यावर बरंच वाटलं. तालुक्यातल्या आशा, अंगणवाडी सेविका, पशुसखी आणि पशुवैद्यकीय दवाखाने यांची एकत्र बैठक घ्यावी, आणि महिलांसाठीचा १८१, पोलिसांचा ११२, मुलांसाठीचा १०९८ आणि जनावरांसाठीचा १९६२ हे चारही नंबर एकाच कागदावर छापून चारही जणींना द्यावेत, अशी लेखी मागणी आम्ही पंचायत समितीकडं केली आहे.

गाय मात्र अजून त्याच्याच नावावर आहे. धार ती काढते, डेअरीला ती घालते आणि दुधाचा पगार त्याच्या खात्यावर जातो. त्यासाठी वेगळा अर्ज दिलाय. डेअरीच्या सचिवांनी तिच्या नावानं खातं उघडायची तयारी दाखवली आहे, पण गाईच्या कानातल्या बिल्ल्यावर मालक म्हणून नोंद नवऱ्याची, आणि ती बदलायला त्याची सही मागतात.